दुधाचे दात आणि डेडस्टॉक

नातीनं पुस्तकाचा कोपरा खाल्ला. उंदीर कुरतडतो तसा नाही. आधी ओला केला, मग हिरड्यांनी मऊ केला, आणि दोन दिवसांनी वरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा सुटला तेव्हा नव्यानं आलेल्या दोन दातांत धरून ओढला. सूनबाईनं वेळेवर बोट घालून तो तोंडातून काढला म्हणून बरं. पुस्तक परदेशी, जाड पुठ्ठ्याच्या पानांचं, ४९९ रुपयांचं. पानापानावर उघडायच्या खिडक्या. चौदा महिन्यांच्या पोरीनं पहिल्या आठवड्यातच सहापैकी चार खिडक्या उपटल्या. घरात दोन तट पडले. आमची मंडळी म्हणाल्या, हिला पुस्तकाची किंमत नाही. मी म्हणालो, आपण दोघांनी आजवर इतकी पुस्तकं घेतली, त्यातलं एक तरी असं चाखून पाहिलं का?

मी जन्मभर पुठ्ठ्याचाच धंदा केला. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत खोक्यांचा छोटा कारखाना होता. हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षांच्या पेट्या, एरवी सातपूरच्या कंपन्यांचं पॅकिंग. त्यामुळे असं पुस्तक हातात आलं की मी चित्रांच्या आधी कोपरे बघतो. लहान मुलांच्या बोर्ड बुकचे कोपरे गोल असतात ते दिसायला गोड म्हणून नव्हे, डोळ्यात जाऊ नयेत म्हणून. पानं शिवलेली नसतात. एका बाजूनं छापलेले ताव मधोमध दुमडून पाठीला पाठ चिकटवतात, म्हणून पुस्तक सपाट उघडतं आणि बाळाच्या मुठीत एकावेळी एकच पान येतं. वरून फिल्म मारलेली असते, लाळ पुसता यावी म्हणून. आणि पहिला दगा देते ती हीच फिल्म, कारण कापलेल्या कडेला पुठ्ठा उघडाच राहतो. लाळ तिथून आत शिरते, थर सुटतात. आमच्या पेट्यांचंही पावसात हेच व्हायचं.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे कॉलेज रोडच्या दुकानांत ‘इंटरॅक्टिव्ह’ हा शब्द सध्या फार ऐकू येतो. खिडकी उघडा, पट्टी ओढा, मेंढीची लोकर कुरवाळा, बटण दाबा म्हणजे सिंह गुरगुरतो. किंमत या करामतींप्रमाणे चढत जाते. आईबापांची समजूत अशी की जितक्या करामती जास्त तितकं मूल जास्त शिकतं. ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यापायी आपण खर्च आणि विचार दोन्ही भलतीकडे नेतो आहोत, असं माझं म्हणणं आहे.

आमच्याच पुस्तकाचं सांगतो. एका पानावर घराचं दार होतं, दाराआड मांजर. दार गेलं, मांजर उघडी पडली. मला वाटलं, पान वाया गेलं. तर तिसऱ्या दिवशी पोरीनं माझा हात धरला, पंजा त्या मांजरीवर ठेवला, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग स्वतःच माझी दोन बोटं उचलून ओरडली, ‘भॉक!’ पुन्हा पंजा खाली, पुन्हा भॉक. पंधरा-वीस वेळा तरी झालं असेल. पुठ्ठ्याचं दार होतं तेव्हा ती ते एकटीच उघडझाप करत बसायची आणि मांजरीकडे तिचं लक्षही नसायचं. दार गेल्यावर तिला मी लागलो. माझा पंजा कधी पटकन उचलला जायचा, कधी मी मुद्दाम दाबून धरायचो, कधी खालून ‘म्याऊ’ यायचं. ही सोय कुठल्या छापखान्यात होणार?

हे केवळ आजोबाचं कौतुक नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ ज्युडी डिलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये लहान मुलांना साधी चित्रपुस्तकं आणि उघडझापीची पुस्तकं दाखवून पाहिली. साध्या पुस्तकांतून मुलं जास्त शिकली. २०१३ मध्ये अडीच-तीन वर्षांच्या मुलांबरोबर अक्षरांचं पुस्तक घेऊन तोच प्रयोग झाला, तेव्हाही साधं पुस्तकच सरस ठरलं. ओढायची पट्टी मुलाचं लक्ष स्वतःकडे ओढते, चित्र मागे राहतं. त्याच बाईंचा १९९८ चा एक प्रयोग मला त्याहून आवडतो. नऊ महिन्यांच्या बाळांपुढे वस्तूंच्या फोटोंचं पुस्तक ठेवलं, तर बाळं फोटोतली वस्तू उचलायला लागली. चिमटीत धरायचा प्रयत्न, नखानं खरवडणं, सगळं. आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टच्या बाळांनीही तेच केलं. एकोणीस महिन्यांपर्यंत मात्र उचलणं थांबतं आणि मूल चित्राकडे बोट दाखवू लागतं. चित्र म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूबद्दल बोलायचं निमित्त, हे त्याला मधल्या दहा महिन्यांत उमगलेलं असतं. साक्षरतेची पहिली पायरी ही. अआइई फार नंतर येतं. आणि ही पायरी चढताना पुस्तक खरवडलं जातं, चावलं जातं, फाटतं. न फाटता चढायची सोय नाही.

इथेच आपली पंचाईत होते. पुस्तकाला पाय लागला तर आपण पटकन नमस्कार करतो. दसऱ्याला पाटी-पुस्तकावर झेंडूची फुलं वाहतो. मला या संस्काराची टर उडवायची नाही, मीही त्यातच वाढलो. पण त्या भक्तीचा एक हिशेब असतो: पुस्तक वर, फडताळात, मूल खाली, सतरंजीवर. ते ‘समजूतदार’ झालं की पुस्तक खाली येणार. तोवर हातात काय? मोबाईल. तो फाटत नाही ना! जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की वर्षाखालच्या बाळाला पडदा अजिबात दाखवू नका. ते वाचून झाल्यावर आपण बाळाला भरवताना मोबाईलवर गाणं लावतो. पुस्तकाची इज्जत राखता राखता पोर पडद्याच्या हवाली झालं, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

नाशिकला वाचनाचं कौतुक कमी नाही. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. कुसुमाग्रजांचं हे गाव. त्यांचा जन्मदिवस आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून करतो. २०२१ च्या डिसेंबरात साहित्य संमेलन इथे भरलं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेत शंभर पुस्तकांची पेटीच वाचकांच्या दारी जाते, आणि ही कल्पना इथून निघून कुठल्या कुठे पोचली. असं असूनही शहरातल्या एका वाचनालयात (नाव घेत नाही, माणसं चांगली आहेत) मी नातीला सभासद करायला गेलो तेव्हा टेबलामागचे गृहस्थ हसून म्हणाले, ‘आजोबा, आधी वाचायला तर येऊ द्या तिला.’ मी म्हटलं, वाचायला येईपर्यंत थांबलो तर उशीर होईल. त्यांनी बालविभाग दाखवला. सुरेख पुस्तकं, पातळ कागद, पिनांची शिवण. पुठ्ठ्याची म्हणाल तर तीन, तीही काचेच्या कपाटात.

काचेच्या कपाटाचं खरं कारण मला पुढे एका अंगणवाडीत कळलं. गंगापूर धरणाच्या बाजूचं गाव, नाव पुन्हा नकोच. तिथल्या ताई उत्साही. भिंती रंगवलेल्या, मुलं पाटावर बसून दाण्याचा लाडू खात होती. कपाटात खेळण्यांचा संच आणि काही जाड पुस्तकं अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनात. मी विचारलं, काढत का नाही? ताई म्हणाल्या, ‘काका, हे सगळं डेडस्टॉकला चढलंय. सुपरवायझर मॅडम मोजायला आल्या आणि एक पुस्तक फाटलेलं निघालं, तर मी काय दाखवू?’

या एका वाक्यावर मी घरी येईपर्यंत विचार करत होतो. खडू संपतो, त्याचा कुणी जाब विचारत नाही, कारण खडूची नोंद संपणाऱ्या मालात असते. टेबल, पंखा, वजनकाटा डेडस्टॉकला, म्हणजे टिकाऊ मालाच्या वहीत. ते मोडले तर निर्लेखनाचा, म्हणजे नोंद काढून टाकायचा प्रस्ताव, सह्या, शेरे. बाळाचं पुस्तक आपण पंख्याच्या रांगेत बसवलं आहे. वाचनालयांतही तेच: दाखल क्रमांक पडला की पुस्तक मालमत्ता झालं, आणि मालमत्तेला लाळ चालत नाही. मी चाळीस वर्षं जीएसटी आणि त्याच्या आधीचे सगळे टॅक्स भरले आहेत, रजिस्टर काय चीज असते हे मला कुणी शिकवू नये. रजिस्टर बदललं की माणसं बदलतात. तीन वर्षांखालच्या मुलांची पुस्तकं खडूच्या वहीत लिहा, इतकीच माझी पहिली मागणी आहे. दोन वर्षांत संपतील असं धरूनच घ्या. उलट एखाद्या अंगणवाडीत पुस्तकं दोन वर्षांनंतरही कोरी निघाली तर तिथे शेरा मारा.

दुसरी मागणी पुस्तकात काय असावं याची. मराठीत बाळांसाठी म्हणून जी पुठ्ठ्याची पुस्तकं मिळतात त्यातली बहुतेक अंकलिपीचीच भावंडं. क कमळाचा, ग गणपतीचा. दीड वर्षाच्या मुलाला ‘ण बाणाचा’ शिकवायचा तर बाण आणायचा कुठून, आणि बाणात ण शेवटी येतो हे समजावायचं कसं? त्याला अक्षर नकोच आहे. त्याला तवा हवा आहे, चप्पल, म्हैस, लाल एसटी, पाण्याची मोटर, केरसुणी, आजीचा चष्मा. परदेशी पुस्तकात ध्रुवीय अस्वल असतं. असेना, पण ते बघून बाळ मान वळवून कुठे शोधणार? चित्रातली म्हैस आणि दारातली म्हैस यांच्यात बाळाची नजर येरझाऱ्या घालते, तेव्हा शब्द पक्का होतो.

आणि मजकूर? नसला तरी चालेल. मी तर म्हणेन, नसावाच. याला आपल्या जिल्ह्यापुरतं एक खास कारण आहे. नाशिक जिल्हा म्हणजे फक्त गंगापूर रोडची मराठी नव्हे. बागलाण-मालेगावकडे अहिराणी, सुरगाणा-पेठकडे कोकणा, शिवाय वारली. छापील ओळ आली की आई ती ‘बरोबर’ वाचायला जाते, अडखळते, आणि पुस्तक शिकलेल्या जावेकडे देते. ओळच नसली तर सुरगाण्याची आजी म्हशीला आपल्या बोलीत हाक मारील, आणि तिला वाचता येत नाही हा प्रश्नच उद्भवणार नाही. बटण दाबून येणारा आवाज याच्या नेमका उलटा. तो एकच बोली बोलतो, एकाच सुरात, आणि मूल काय म्हणालं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

बटणाचा आणखी एक धोका आहे. त्यातला बटण सेल बाळाच्या घशात अडकला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. खेळण्यांच्या नियमाप्रमाणे सेलचं झाकण स्क्रू ड्रायव्हरसारख्या हत्याराशिवाय उघडता कामा नये. मी रस्त्यावरून घेतलेल्या एका पुस्तकाचं झाकण नखानं उघडलं. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. आवाज करणारं पुस्तक घेणारच असाल तर आधी उलटं करून चिन्ह आणि स्क्रू बघा.

यावर लोक म्हणतात, खिडक्यांचं एवढं वावडं का? मुलांना मजा येते. येते, मान्य. मजेला माझा विरोध नाही. पोरीसाठी मी स्वतः ते पुस्तक विकत आणलं. पण आपल्याकडच्या काऊ-चिऊच्या गोष्टीत दार आहेच की. चिऊ ते लवकर उघडत नाही, काहीतरी काम काढते, आणि सांगणारी आजी ते काम दर वेळी लांबवते. बाळाला न्हाऊ घालायचंय, पावडर लावायचीय, आता तीट लावायचीय. मूल डोळे मोठे करून थांबतं. गंमत थांबण्यात असते. छापील खिडकीत ही थांबायची जागाच नाही, अंगठा लावला की उघडली. म्हणून सरकारी किंवा वाचनालयाच्या पैशानं पुस्तकं घ्यायची असतील तर एका खिडकीवाल्याच्या किमतीत चार साधी घ्यावीत, असं मी म्हणतो. घरच्या पैशानं कुणी काहीही घ्यावं.

आता पैशाचं. मराठीत बोर्ड बुक महाग पडतं ते पुठ्ठ्यामुळे नाही. प्रत्येक खिडकी कुणीतरी हातानं चिकटवतं, हे एक. दुसरं म्हणजे प्रती कमी. डायला, म्हणजे पुठ्ठा कापायच्या साच्याला, समजा ५,००० रुपये लागले, तर हजार प्रतींवर प्रतीमागे ५ रुपये बसतात, लाख प्रतींवर ५ पैसे. प्लेट, मशीन बसवणं, सगळ्याला हेच गणित. प्रकाशक म्हणतो, मराठीत हजार खपतील की नाही कोण जाणे, आणि त्याचं खरं आहे. पण राज्यात १ लाखाच्या वर अंगणवाड्या आहेत. प्रत्येकीला एका पुस्तकाच्या पाच प्रती म्हटल्या तरी ५ लाखांची ऑर्डर होते. एवढ्या ऑर्डरीवर कुठलाही छापखाना दर पाडून देईल. आणि छापायला लांब कशाला जायचं? नाशिकरोडच्या प्रेसमध्ये देशाच्या नोटा छापतात, पासपोर्ट छापतात, हजारो हातांतून जाऊनही टिकावेत असे कागद. त्या प्रेसला बाळांची पुस्तकं छापायला सांगा असं मी म्हणत नाही. पण अंबड-सातपूरला द्राक्षाच्या पेटीला हवेची भोकं पाडणारी डाय पंचिंगची मशीनं आहेत, आणि द्राक्षांचा हंगाम संपला की त्यातली बरीच अर्धा दिवस बसून असतात. गोल कोपरा कापायला निर्यातीच्या पेटीपेक्षा अवघड काही नाही. शाई आणि गोंद मात्र चाटण्याजोगे हवेत, त्यात काटकसर नको, आणि त्याची तपासणी लॅबमधूनच झाली पाहिजे. फिल्मऐवजी काय लावावं याचाही विचार व्हावा, आमच्या घरचा पापुद्रा मी अजून जपून ठेवलाय.

पोचवायची व्यवस्थाही नव्यानं उभारायला नको. इंग्लंडात बर्मिंगहॅमला १९९२ मध्ये सुमारे ३०० बाळांना सात ते नऊ महिन्यांच्या तपासणीच्या वेळी पुस्तकांची पिशवी देऊन सुरुवात केली, पुढे तो कार्यक्रम देशभर गेला. आपल्याकडे नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस असते. बाळ चित्रं खरवडायला लागतं तोच हा महिना! लसीनंतर रडणाऱ्या पोराला गप्प करायला आशाताई तसंही काहीतरी शोधतच असते. शिवाय सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांचा आहार अंगणवाडीतून पाकिटात घरी जातो. ही मुलं अंगणवाडीत बसत नाहीत, त्यांच्या वाट्याला कपाटातलं काहीच येत नाही. त्या पाकिटाबरोबर एक पुस्तक घरी जावं, पुढच्या वेळी जमलं तर परत यावं, नाही आलं तर नाही. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ नावाचा आराखडा काढला, त्यात घरी बाळाशी बोलणं-खेळणं यावरच भर आहे. म्हणजे कागदावर सगळे सहमत आहेत.

‘आधी पोटाला घाला, मग पुस्तकं द्या,’ असं माझा एक मित्र म्हणाला. पाकीट बंद करा असं कोण म्हणतंय? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला बालवाड्या काढल्या तेव्हा तिथे तरी कुठे सुबत्ता होती. त्यांनी दगड, शिंपले, बिया घेतल्या आणि त्यांतून शिकवलं. पोटभर जेवलेल्या मुलांनाच खेळ द्यायचा असं ठरवलं असतं तर त्या बायका मुंबई-पुण्यातच राहिल्या असत्या.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. नवरा-बायको दोघं कामाला, रात्री नऊला घरी येतात, पुस्तक दाखवणार कोण? सिडकोतल्या निम्म्या घरांची हीच गत. याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. एवढंच सांगतो की आमच्या घरी हा कार्यक्रम दिवसाला सात-आठ मिनिटांच्या वर चालत नाही, कारण त्यानंतर पोरगी पुस्तक फेकते. तेवढी मिनिटं शेजारच्या काकू, पाळणाघरातल्या मावशी, मोठी बहीण, कुणीही देऊ शकतं, पुस्तकात मजकूर नसला तर नक्कीच.

मी मागच्या महिन्यात एक डमी केली. आठ पानं, घरातल्याच वस्तूंचे फोटो, पाठीला पाठ चिकटवून, कोपरे हातकटरनं गोल. एका पोरीवर डोळा ठेवता येतो म्हणून हे धाडस. वाटायची झाली तर आधी लॅब. तवा, चप्पल, आजीचा चष्मा, शेजारच्या मळ्यातली म्हैस. अंगणवाडीच्या ताईंना नेऊन दाखवली. त्यांनी पानं उलटली, म्हशीपाशी थांबल्या, हसल्या, आणि म्हणाल्या, ‘मस्त आहे काका. पण याची नोंद कशात करू?’

घरी चष्म्याच्या पानाला आजीनं विरोध केला होता, आता रोज तीच ते पान उघडून बसते. म्हशीचं पान चघळून चघळून दुपदरी झालं आहे. दुसरी प्रत काल चिकटवायला घेतली. फिल्म लावली नाही, कोपऱ्यांची गोलाई वाढवली, म्हैस तीच ठेवली.